हॉस्पिटलच्या साइटचा मेनू नव्याने लावताना: कार्ड सॉर्टिंगच्या प्रकल्प नोंदी

काम असं आहे: एका हॉस्पिटलच्या वेबसाइटवरचा पेशंट आणि नातेवाइकांसाठीचा भाग नव्याने लावायचाय. सध्याचा मेनू हॉस्पिटलच्या विभागांप्रमाणे आहे, म्हणजे बिलिंग, मेडिकल रेकॉर्ड्स, पॅथॉलॉजी, नर्सिंग असा, आणि माहिती साइटवर असूनही लोक रिसेप्शनला फोन करून तेच विचारतात. कार्ड सॉर्टिंग म्हणजे थोडक्यात, साइटवरच्या एकेका गोष्टीचं कार्ड करून ती लोकांना आपल्या मनाने गटांत लावायला द्यायची. त्याहून जास्त इथे सांगत बसत नाही, ते कुठेही वाचायला मिळेल (शोधताना एकच लक्षात ठेवा, विस्कॉन्सिन कार्ड सॉर्टिंग टेस्ट ही मानसशास्त्रातली वेगळी चाचणी आहे, तिचा या कामाशी संबंध नाही). काय अडलं, काय बदललं आणि वेळ कुठे गेला तेवढंच लिहितेय, पुढे कुणी असंच काम काढलं तर त्याचा वेळ वाचावा म्हणून.

४ जून: कंटेंटची यादी

साइटवरची सगळी पानं एका शीटमध्ये उतरवली. निम्म्याहून जास्त पानं डॉक्टरांची प्रोफाइल्स निघाली, त्या सगळ्यांचं मिळून एकच कार्ड केलं, कारण लोक शोधतात ते 'डॉक्टरांची माहिती', एकेक पान वेगळं लावायचा प्रश्नच नाही. जुन्या बातम्या, प्रायव्हसी पॉलिसी, संपर्क, लॉगिन हे सगळं बाहेर काढलं. ते कुठेतरी वर किंवा फुटरमध्ये जाणारच आहे, मग त्याची कार्डं करून माणसाची शक्ती कशाला खर्च करायची.

एवढं करूनही ७१ कार्डं उरली. साधारण ३० ते ६० कार्डं ठेवावीत असं या कामातले लोक सांगतात आणि त्याला कारण आहे. ७१ कार्डं म्हणजे प्रत्येक कार्डाचं दुसऱ्या प्रत्येकाशी नातं धरलं तर २४८५ जोड्या होतात, ४८ कार्डांत त्या ११२८ वर येतात. माणूस जोड्या मोजत नाही हे खरं, पण शेवटच्या वीस कार्डांना जागा शोधताना त्याला आधीचं सगळं डोक्यात ठेवावं लागतं, आणि तिथे थकवा आला की उरलेली कार्डं कुठेही सारली जातात. म्हणून ४८ वर थांबलो. गाळताना प्रत्येक कार्डाला एकच प्रश्न लावला: या एकाच गोष्टीसाठी कुणी मुद्दाम साइट उघडेल का? नाही, तर कार्ड बाद.

६ जून: कार्डवर काय लिहायचं

यात वाटलं त्यापेक्षा खूप वेळ गेला आणि तो घालवणं गरजेचं होतं.

पहिल्या खर्ड्यात 'रिपोर्ट' शब्दाने सुरू होणारी बरीच कार्डं होती: रिपोर्ट डाउनलोड, रिपोर्टची दुसरी प्रत, रिपोर्टला लागणारा वेळ. ऑफिसातल्याच एकाला ती नुसती टेबलावर ठेवून दिली तर त्याने पहिला शब्द बघून सगळी एका दमात एकत्र केली, पुढचं वाचलंच नाही. म्हणजे त्याने अर्थ नाही, अक्षरं जुळवली. मग असं बदललं:

'तपासणीचा निकाल ऑनलाइन बघणे'
'जुन्या केसपेपरची प्रत मिळवणे'
'कुठल्या तपासणीला किती वेळ लागतो'

तीन कार्डं, तीन वेगळ्या गरजा, आणि सुरुवातीचा शब्द प्रत्येकाचा वेगळा. 'पेशंट' हा शब्द तर जिथे काढता येईल तिथे सगळीकडून काढला, तो कशालाही चिकटत होता.

हॉस्पिटलची आतली भाषाही काढली. 'प्री-ऑथरायझेशन' असं लिहिलेलं कार्ड लोक बाजूला ठेवून देणार, त्याजागी 'ऍडमिट व्हायच्या आधी विमा कंपनीची मंजुरी घेणे' असं केलं. लांब झालं, चालेल. वाचल्यावर कळलं पाहिजे ही एकच अट.

मागच्या बाजूला प्रत्येक कार्डाला नंबर. पुढच्या बाजूला नंबर नको, लोक त्यात क्रम शोधतात. आणि सगळा कागद एकाच रंगाचा. हॉस्पिटलकडून एक सूचना आली होती की विभागवार रंग द्या म्हणजे छान दिसेल, ती मान्य केली नाही, कारण मग लोक रंग लावतील, माहिती नाही.

१० जून: पायलट

प्रकल्पाशी संबंध नसलेली दोन माणसं घेऊन पायलट, म्हणजे खऱ्या सेशन्सआधीची चाचणी, केला. तीन गोष्टी फसल्या.

एक, कार्डाचा आकार. पोस्टकार्डाएवढी ४८ कार्डं टेबलावर मावत नाहीत. जागा संपली की लोक कार्डावर कार्ड ठेवतात, खालचं दिसेनासं होतं आणि मग गट करताना फक्त वरच्या कार्डाशी तुलना होते. आता कार्ड निम्म्या आकाराचं आणि मजकूर मधोमध न लिहिता अगदी वरच्या कडेला, म्हणजे एकाखाली एक सरकवून ठेवलं तरी प्रत्येक ओळ वाचता येते. एवढ्या छोट्या बदलाने सेशनचा रंगच पालटला, लोक आधी लावलेले गट पुन्हा बघून कार्डं इकडची तिकडे करायला लागले.

दोन, सूचना. 'वेबसाइटचा मेनू बनवा' म्हटलं की लोक आतापर्यंत बघितलेल्या साइट्स आठवून 'आमच्याबद्दल, सेवा, इतर' असे डबे करतात. नवीन सूचना अशी ठरवली: "ही कार्डं वाचा, तुम्हाला जी एकत्र असावीत असं वाटतं ती एकत्र ठेवा, किती गट करायचे ते तुम्ही ठरवा, यात बरोबर-चूक काही नाही, आणि एखादं कार्ड कळलं नाही तर बाजूला ठेवा." मेनू, साइट, पेज हे शब्द नाहीत. गटांना नावं द्यायची असतात हे शेवटपर्यंत सांगायचं नाही, नाहीतर नाव आधी ठरतं आणि कार्डं त्यात कोंबली जातात.

तीन, वेळ. अर्धा तास धरला होता, पण नावं देणं आणि नंतरच्या गप्पा धरून एकेका माणसाला पाऊण तास लागतो. वेळापत्रक तसं बदललं.

१४ जून: किती माणसं

हा प्रश्न प्रत्येक मीटिंगमध्ये येतो, त्यामुळे जरा सविस्तर. टॉम टलिस आणि लॅरी वुड या संशोधकांनी २००४ मध्ये एका इंट्रानेटच्या, म्हणजे कंपनीच्या आतल्या साइटच्या, ४६ कार्डांचं सॉर्टिंग १६८ लोकांकडून करून घेतलं आणि मग त्यातले थोडे थोडे लोक उचलून बघितलं की थोडक्या लोकांचं उत्तर सगळ्यांच्या उत्तराच्या किती जवळ जातं. १५ लोकांत सहसंबंध (१ म्हणजे पूर्ण जुळणं) ०.९० पर्यंत जातो, ३० लोकांत ०.९५. त्यावरून साइट वापरायला सोप्या कशा करायच्या यातले तज्ज्ञ जेकब निल्सन यांनी १५ पुरेत असं म्हटलं, टलिस आणि वुड यांनी स्वतः २० ते ३० सुचवले.

पण हे आकडे एका प्रकारच्या माणसांसाठी आहेत हे मीटिंगमध्ये कुणी बोलत नाही. हॉस्पिटलचा स्टाफ आणि पेशंटचे नातेवाईक एका डब्यात घातले तर तीस काय तीनशे माणसं घेऊनही जे उत्तर येईल ते दोघांपैकी कुणाचंच नसेल. म्हणून दोन गट वेगळे: २२ पेशंट आणि नातेवाईक, १० स्टाफ. दुसरा गट मेनू ठरवण्यासाठी नाहीच, तुलनेसाठी आहे. माणसं हॉस्पिटलच्या वॉर्डबाहेरच्या बसायच्या जागेत विचारून मिळवली, तिथे लोकांकडे वेळ असतो. (या वाक्याकडे १६ जुलैच्या नोंदीत परत यावं लागलं.)

१९ जून: सेशन्स चालू

दर सेशनआधी कार्डं नीट पिसायची, नाहीतर आधीच्या माणसाचे गट पुढच्याला आयते मिळतात. कार्डं गोळा करायच्या आधी वरून फोटो. बोलणं रेकॉर्ड करायची परवानगी घ्यायची आणि आजाराबद्दल काहीही विचारायचं नाही, लोक आपण होऊन सांगतात ते वेगळं, पण तो भाग लिहून ठेवायचा नाही.

सॉर्टिंग चालू असताना 'का' विचारायचं नाही असं ठरवलंय. विचारलं की माणूस कारण देतो आणि एकदा कारण दिलं की त्या जागेला धरून बसतो, मग ते कार्ड हलत नाही. सगळं झाल्यावर विचारायचं: सगळ्यात अवघड कार्ड कुठलं गेलं, आणि कुठलं दोन ठिकाणी ठेवावंसं वाटलं.

एक सेशन नीट लिहून ठेवतेय कारण पुढे त्याचाच उपयोग झाला. वडिलांच्या ऑपरेशनच्या वेळी सगळी धावपळ केलेल्या एक बाई होत्या. त्यांनी ढीग केलेच नाहीत, कार्डं टेबलावर डावीकडून उजवीकडे ओळीत मांडत गेल्या. 'खर्चाचा अंदाज घेणे' डाव्या टोकाला, 'ऍडमिट होताना काय सोबत आणायचं' त्याच्या शेजारी, 'भेटायची वेळ' मध्ये. 'बिल भरणे' हातात घेऊन थांबल्या, आधी 'खर्चाचा अंदाज' शेजारी ठेवलं, मग उचललं आणि सगळ्यात उजवीकडे 'डिस्चार्जची प्रक्रिया' कार्डाखाली सरकवलं. म्हणाल्या, "अहो, अंदाज विचारला तेव्हा अजून काही ठरलंच नव्हतं, तेव्हा नुसती भीती होती. बिल म्हणजे आता घरी जायचं." नावं द्यायला सांगितल्यावर त्यांनी लिहिलं: जायच्या आधी, तिथे असताना, घरी आल्यावर.

त्याच दिवशी दुसरे एक गृहस्थ. त्यांनी पाचव्या मिनिटाला 'पैसे' म्हणून एक गट केला आणि अंदाज, बिल, विमा, रिफंड सगळं त्यात टाकून मोकळे झाले. तेवढ्याच आत्मविश्वासाने. दोघांच्याही मांडणीत चुकीचं काही नाही.

जोडीने बसवू नका. दोन नातेवाईक एकत्र बसलेलं एक सेशन झालं, त्यात मोठ्या भावाने मांडलं आणि धाकट्याने हो म्हटलं. ते सेशन मोजणीतून काढलं आणि दोघांना वेगळं वेगळं परत बोलावलं.

२३ जून: ऑनलाइनचा प्रयोग

ऑप्टिमलसॉर्टसारखी टूल्स आहेत, लिंक पाठवायची आणि लोक आपल्या वेळेला कार्डं लावतात. लांबच्या लोकांसाठी वापरून बघितलं. डेटा एन्ट्री वाचते हा मोठा फायदा. पण मोबाइलवर ४८ कार्डं बोटाने ओढत बसणं कठीण, बरेच जण अर्ध्यात सोडून गेले, आणि काहींनी इतक्या कमी वेळात संपवलं की कार्डं वाचली असणं शक्यच नाही. ती काढून टाकली. उरलेल्यांचं सॉर्टिंग चांगलं होतं तरी ते नुसतं ताडून बघायला ठेवलंय, कारण त्या बाईंनी बिल उचलून दुसरीकडे ठेवलं तो क्षण ऑनलाइन डेटात कुठेच येत नाही, तिथे फक्त शेवटची जागा उरते.

२५ जून: डेटा एन्ट्री

एक ओळ म्हणजे एक माणूस, एक कॉलम म्हणजे एक कार्ड, चौकटीत गटाचा नंबर. एक जण कार्डाच्या मागचा नंबर वाचतो, दुसरा टाइप करतो. प्रत्येक ओळीत ४८ चौकटी भरल्यात का ते शीटमध्येच सूत्र लावून तपासायचं. एका ओळीत ४७ आल्या, फोटो मोठा करून बघितला तेव्हा दोन कार्डं एकमेकांखाली दडलेली दिसली. फोटो नसता तर ते सेशन गेलंच होतं.

आता एक गोष्ट जी मला कुठे ठळक लिहिलेली दिसली नाही: 'कळलं नाही' म्हणून बाजूला ठेवलेल्या कार्डांना गटाचा नंबर देऊ नका. दिला की मोजणीला तो गट वाटतो. आमच्या पहिल्या मोजणीत 'अवयवदानाची नोंदणी' आणि 'तक्रार कुठे करायची' ही दोन कार्डं एकदम जवळची आली, आणि त्यांचं नातं एवढंच की दोन्ही बऱ्याच जणांनी बाजूला ठेवली होती. ती चौकट रिकामी सोडायची आणि भागाकार करताना त्या जोडीसाठी तेवढी माणसं कमी धरायची. ज्यांनी स्वतःहून 'इतर' असं नाव दिलंय त्या गटांचंही तेच करायचं.

२७ जून: मॅट्रिक्स आणि डेंड्रोग्राम

सिमिलॅरिटी मॅट्रिक्स सोपं आहे, प्रत्येक जोडी किती जणांनी एकत्र ठेवली त्याची टक्केवारी. त्यावरून झाडासारखं चित्र, म्हणजे डेंड्रोग्राम (जी कार्डं जास्त जवळची ती आधी एका फांदीवर येतात), पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतल्या सायपाय लायब्ररीत काढलं. इथे अख्खी दुपार गेली, म्हणून लिहून ठेवतेय.

हे गट जोडत जाणाऱ्या 'लिंकेज' फंक्शनला साम्य नाही, अंतर द्यायचं असतं, म्हणजे १ वजा साम्य. ते दिलं, तरी चित्र विचित्र येत होतं, त्यातली अंतरं मॅट्रिक्समधल्या टक्केवारीशी जुळतच नव्हती. कारण असं की या फंक्शनला ४८ बाय ४८ चा चौकोनी तक्ता दिला तर ते त्याला अंतरांचा तक्ता समजत नाही, प्रत्येक ओळ म्हणजे एक वेगळा बिंदू धरून त्या बिंदूंमधली अंतरं नव्याने काढतं. वॉर्निंग येते, पण एरर येत नाही आणि चित्र निघतं, म्हणून नजरेतून सुटतं. आधी 'स्क्वेअरफॉर्म' फंक्शनने तक्ता एका ओळीत आणायचा, त्या ओळीत ११२८ आकडे आले की समजायचं बरोबर आहे. गट जोडायची पद्धत 'ॲव्हरेज' घ्या, ती दोन गटांतल्या सगळ्या कार्डांच्या अंतरांची सरासरी बघते. 'सिंगल' (फक्त सगळ्यात जवळची जोडी बघणारी) घेतली तर एकाला एक कार्ड लागत जाऊन लांबच लांब साखळी होते, गट दिसतच नाहीत.

३० जून: चित्र आणि फोटो जुळेनात

डेंड्रोग्राम आता तांत्रिकदृष्ट्या बरोबर. पण त्यात बिलाचं कार्ड मधेच लटकलेलं, ना धड डिस्चार्जपाशी ना धड खर्चापाशी, आणि अशी दहा-बारा कार्डं. टीममध्ये दोन मतं पडली, एक म्हणजे ही कार्डं नीट लिहिली नाहीत, बदलू या, आणि दुसरं, चित्र जे सांगतंय ते मान्य करून त्यांचा एक 'महत्त्वाची माहिती' गट करू या. दोन्ही करून टाकायचा मोह होत होता कारण तारीख जवळ आलेली.

मग सगळे फोटो प्रिंट करून भिंतीवर लावले आणि एकेक बघत गेलो. अर्ध्या तासात उलगडलं. २२ पैकी ९ जणांनी त्या बाईंसारखं वेळेनुसार लावलंय: आधी, मध्ये, नंतर. ८ जणांनी विषयानुसार: पैसे, डॉक्टर, तपासण्या, कागदपत्रं. ५ जणांनी दोन्हीची सरमिसळ. आता बिलाची जोडी बघा.

'बिल भरणे' आणि 'डिस्चार्जची प्रक्रिया' एकत्र: वेळवाल्यांत ९ पैकी ८, विषयवाल्यांत ८ पैकी १, सरमिसळीत ५ पैकी २. एकूण २२ पैकी ११.

'बिल भरणे' आणि 'खर्चाचा अंदाज घेणे' एकत्र: वेळवाल्यांत एकही नाही, विषयवाल्यांत ८ पैकी ८, सरमिसळीत ५ पैकी ३. एकूण पुन्हा २२ पैकी ११.

मॅट्रिक्समध्ये दोन्हीकडे ५० टक्के. ते ५० बघून कुणीही म्हणेल की लोकांचा गोंधळ आहे. प्रत्यक्षात जवळजवळ कुणाचाच गोंधळ नाही, प्रत्येकाला नक्की माहितीये बिल कुठे जातं, फक्त दोन वेगळे विचार आहेत आणि सरासरीने दोन्ही पुसून टाकले. या सगळ्या कामातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट हीच, म्हणून एवढी जागा घेतेय: ४० ते ६० टक्क्यांच्या मधली जोडी दिसली की कार्डाला दोष द्यायच्या आधी ती कुणी एकत्र ठेवली आणि कुणी वेगळी, या नावांच्या दोन याद्या समोर घ्या.

३ जुलै: माणसांची मोजणी

फोटो बघून केलेले गट आपल्याला हवे तसे दिसत असतील ही शंका होतीच, म्हणून माणसामाणसांतलं साम्य मोजलं. साधी पद्धत म्हणजे दोन माणसं किती जोड्यांबाबत सहमत आहेत ते बघणं, पण ती फसवी आहे. समजा कुणी ६-६ कार्डांचे ८ गट केले, तर एकत्र असलेल्या जोड्या फक्त १२० आणि वेगळ्या १००८. त्यामुळे कुठलीही दोन माणसं घेतली तरी 'या जोड्या वेगळ्या' यावरच इतकी सहमती येते की सगळे एकसारखे वाटतात. त्याऐवजी जॅकार्ड हे साम्याचं माप वापरलं: दोघांनीही एकत्र ठेवलेल्या जोड्या भागिले निदान एकाने एकत्र ठेवलेल्या जोड्या. असं केल्यावर दोन घोळके स्पष्ट वेगळे निघाले, आणि फोटोवरून सरमिसळ ठरवलेल्या पाचांतला एक जण खरं तर विषयवाल्यांच्या बराच जवळचा होता. बाकी जुळलं.

दोन घोळक्यांचे दोन वेगळे डेंड्रोग्राम काढले. दोन्ही नीट, लटकणारी कार्डं प्रत्येकी दोन-तीनच.

७ जुलै: विभागप्रमुखांबरोबर बैठक

अपेक्षेप्रमाणे प्रत्येकाला आपला विभाग वरच्या मेनूत हवा होता. वाद घातला नाही. स्टाफच्या दहा जणांचं चित्र आणि पेशंटच्या बाजूची दोन चित्रं शेजारी शेजारी ठेवली. स्टाफच्या चित्रात हॉस्पिटलच्या विभागांची यादी जवळपास जशीच्या तशी उमटलीये, त्यांच्यात सहमतीही पेशंटपेक्षा जास्त, साहजिक आहे, ते रोज त्याच रचनेत काम करतात. मेडिकल रेकॉर्ड्सच्या प्रमुखांनी स्वतःच विचारलं, "म्हणजे आमचा विभाग आहे हे पेशंटला माहीतच नाही?" त्यानंतर चर्चा विभागांवरून लोकांच्या कामांवर आली. स्टाफचं सॉर्टिंग करून घ्यायचे तास इथे वसूल झाले.

१० जुलै: पहिला आराखडा

दोनपैकी एक विचार निवडायचा की मिसळायचे? सगळंच अर्धं अर्धं मिसळलं तर पुन्हा त्या सरासरीच्या चित्रावर येतो. वरची पातळी वेळेनुसार ठेवली कारण फोटोंच्या मोजणीत तो घोळका थोडा मोठा होता आणि फोनवर येणारे प्रश्नही त्याच धाटणीचे असतात: "उद्या ऍडमिट व्हायचंय, काय काय आणू?" पण 'खर्च आणि विमा' वेगळं ठेवलं, कारण विषयवाल्यांच्या चित्रात तो सगळ्यात घट्ट गट होता. बिलाचं पान एकच, लिंक दोन ठिकाणी. इमर्जन्सी मेनूतच नाही, प्रत्येक पानावर वर कायम.

नावं लोकांच्याच लिखाणातून: 'यायच्या आधी', 'ऍडमिट असताना', 'घरी गेल्यावर', 'खर्च आणि विमा', 'डॉक्टर आणि वेळा'. नावं एकसारखी करताना जपून, 'पैसे', 'खर्च', 'बिल वगैरे' एक धरता येतात, पण 'कागदपत्रं' मध्ये कुणी विम्याचे फॉर्म टाकले होते तर कुणी केसपेपर, तिथे नाव सारखं असूनही गट वेगळे.

१६ जुलै: ट्री टेस्ट

सॉर्टिंगमधून लोक कसा विचार करतात ते कळतं, शोधताना सापडेल की नाही ते कळत नाही, त्यासाठी उलटं काम. नुसत्या मेनूचं झाड द्यायचं, डिझाइन नाही, सर्च नाही, आणि विचारायचं अमुक कुठे शोधाल. साइटवरच्या माहितीची मांडणी या विषयातल्या डॉना स्पेन्सर यांनी २००३ च्या सुमारास हे कागदी कार्डांवर करून दाखवलं होतं, आम्हीही आधी कागदावरच केलं. प्रश्नात मेनूतले शब्द येऊ द्यायचे नाहीत. 'तपासणीचा निकाल कुठे मिळेल' असं विचारलं तर लोक शब्द शोधतात. आम्ही विचारलं: "काल तुमचं रक्त घेतलं, सगळं ठीक आहे का ते तुम्हाला घरबसल्या बघायचंय."

आणि हाच प्रश्न आपटला. निम्म्याहून जास्त लोक चुकले, जे बरोबर गेले तेही दोन-तीन ठिकाणी जाऊन परत आले. ओपीडीत येऊन रक्त देऊन घरी गेलेला माणूस ऍडमिट झालेलाच नसतो. त्याच्यासाठी 'आधी' नाही, 'नंतर' नाही. एक जण म्हणाला, "मी कुठे ऍडमिट होतो? हे माझ्यासाठी नाहीये." आपण माणसं वॉर्डबाहेरून घेतली होती, त्यामुळे सॉर्टिंग करणारे बहुतेक सगळे ऍडमिट पेशंटचे नातेवाईक. वेळवाले ९ आणि विषयवाले ८ यातला तो ९ चा जोर तिथूनच आलेला. विश्लेषण कितीही काळजीपूर्वक केलं तरी टेबलाशी कोण बसलं होतं ते त्यातून दुरुस्त होत नाही.

१९ जुलै: ओपीडीची माणसं

ओपीडी आणि लॅबच्या रांगेतून नवीन आठ जण घेऊन तेच ४८ कार्डांचं सॉर्टिंग. आठपैकी सहा जणांनी विषयानुसार लावलं. 'तपासणीचा निकाल', 'कुठल्या तपासणीला किती वेळ', 'तपासणीआधी उपाशी राहायचं का' ही तीन कार्डं आठही जणांनी एकत्र ठेवली. ऍडमिटची कार्डं त्यांनी न वाचल्यासारखी एका ढिगात टाकली, जे अगदी योग्य आहे, त्यांना त्यात काही करायचंच नाही.

वरच्या पातळीत बदल: 'तपासण्या आणि रिपोर्ट' हा नवा भाग, आणि वेळेचे तिन्ही भाग 'ऍडमिट होताय?' या एका दाराच्या आत. ज्याला ऍडमिट व्हायचंय तो आत जाऊन आपल्या क्रमाने बघेल, बाकीच्यांना ते ओलांडून जाता येईल. म्हणजे वरती विषय आणि आत वेळ, १० जुलैच्या बरोबर उलटं.

२४ जुलै: पुन्हा ट्री टेस्ट

नवीन लोक, तेच प्रश्न. रक्ताच्या प्रश्नाला आता बहुतेक जण सरळ बरोबर जागी गेले. बिलाला दोन्ही रस्त्यांनी लोक पोचले, जवळपास सारख्या प्रमाणात, म्हणजे दोन लिंक ठेवणं बरोबर होतं.

'जुन्या केसपेपरची प्रत मिळवणे' अजून पडतंय. लोक 'तपासण्या आणि रिपोर्ट' आणि 'घरी गेल्यावर' यात विभागले जातात, आणि थोडे 'डॉक्टर आणि वेळा' मध्ये सुद्धा जातात, कारण त्यांना वाटतं ज्यांनी तपासलं त्यांच्याकडे मागायचं. सध्या मुख्य जागा 'तपासण्या आणि रिपोर्ट', बाकी दोन्हीकडून लिंक, आणि साइट चालू झाल्यावर सर्च बॉक्समध्ये लोक यासाठी काय टाइप करतात ते महिनाभर बघून नाव ठरवायचं.

डेव्हलपरकडे झाड, लिंकांची यादी आणि तिन्ही डेंड्रोग्राम दिलेत. फोटो आणि रेकॉर्डिंगमधून आजाराचे उल्लेख काढून टाकले, बाकी सगळं शीटच्या शेजारच्या फोल्डरमध्ये. कार्डांचा एक संच रबर लावून ठेवलाय, पुढच्या टप्प्यात डॉक्टरांची प्रोफाइल्स लावायची आहेत तेव्हा कार्डं नवीन लागतील, पण वरच्या कडेला मजकूर असलेला साचा तोच चालेल.